पेढे वाटलेली बातमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचं, कपाशीतल्या बोंडअळीच्या सापळ्याबद्दल छापून आलेल्या एका बातमीचं आहे आणि त्यातली पहिली चूक माझी आहे. प्रेसनोट मी लिहिली होती.

मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात सात वर्षं डेस्कवर होते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या कापायच्या, जोडायच्या, मथळा द्यायचा, पान सोडायचं. ती नोकरी सुटल्यावर लहान कंपन्यांना लिहून देण्याचं काम धरलं. त्यातलीच ही एक. तिशीच्या आतले तीन पोट्टे: एक इलेक्ट्रॉनिक्सवाला, एक अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला, तिसरा हिशेब बघणारा. नागपूर-हैदराबाद महामार्गालगत दोन गाळे, बाहेर एक बोलेरो. कंपनीचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. तालुका लहान आहे.

त्यांचं यंत्र समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कपाशीतला कामगंध सापळा आता सगळ्यांनाच माहीत आहे. मादी पतंगाच्या वासाची गोळी आत लावतात, नर येऊन अडकतात, सकाळी मोजायचे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असं धरतात. या पोट्ट्यांनी सापळ्यात कॅमेरा बसवला. रात्रभर फोटो, पहाटे मोजणी, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज: आज ४, आज ६, आज ९. सापळा विकायचा नाही, हंगामापुरता भाड्यानं द्यायचा. गोळी बदलायची जबाबदारी कंपनीची.

पण सापळा ही अर्धीच गोष्ट. ही अळी बोंडात शिरली की बाहेरून काही दिसत नाही. म्हणून एकरी २० हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायची असतात. दोनांत जिवंत अळी निघाली तर सापळा काहीही म्हणो, नुकसानीची पातळी गाठली गेली आहे. त्याआधी फुलांत डोमकळ्या, म्हणजे आत अळी बसल्यानं न उमललेली फुलं, दिसतात का तेही पाहायचं. हे कृषी विभागाचा माणूसही सांगतो, कंपनीच्या माहितीपत्रकातही होतं, आणि माझ्या प्रेसनोटमध्येही होतं. सहाव्या परिच्छेदात.

बातमी खालून कापतात. सात वर्षं मी स्वतः खालूनच कापत आले. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा. हे माहीत असून मी सगळ्यात जपायचं वाक्य शेवटी ठेवलं, कारण वर कौतुक लिहायचं होतं. संस्थापकांना तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर पैसे देणाऱ्याला आवडेल असं लिहायची सवय मलाही लागली होती.

नोटमध्ये आणखी दोन वाक्यं होती. एक: 'मागील हंगामात १४ शेतकऱ्यांच्या प्रत्येकी एक एकरात सरासरी दोन फवारण्या कमी लागल्या.' दुसरं, अगदी वरच्या परिच्छेदात: 'केंद्र सरकारची मान्यता असलेल्या या स्टार्टअपने...' दोन्ही खरी. स्टार्टअप इंडिया योजना २०१६ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी कंपन्यांना अशी मान्यता मिळाली आहे. ती कंपनीला मिळते, कंपनीचं वय, उलाढाल वगैरे बघून. यंत्र चालतं की नाही, हे त्यात कोणी तपासत नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी बातमी लागली. तीन कॉलम, फोटोसह. मथळा: 'बोंडअळीवर रामबाण! फवारणीचा खर्च निम्म्यावर'. खाली: 'केंद्र सरकार मान्यताप्राप्त यंत्र पांढरकवड्यात तयार'. १४ शेतं नाहीत, एक एकर नाही, बोंडं फोडायचं नाही. दोन फवारण्यांचे 'निम्मे' झाले आणि कंपनीची मान्यता यंत्राला चिकटली.

वार्ताहराला दोष देऊन उपयोग नाही. त्यांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, बातमी ते गिऱ्हाईक सांभाळत मोबाइलवर टाइप करतात. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, असलं तर नावापुरतं मानधन. खरी कमाई १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारीच्या शुभेच्छा जाहिरातींच्या कमिशनवर. अशा माणसाच्या मोबाइलवर तयार मजकूर आला की तो पुढे जातो. आणि मथळा तर डेस्कनं दिलेला. 'रामबाण' हा शब्द मी स्वतः कितीदा दिला असेल, देव जाणे.

त्या सकाळी गाळ्यात पेढे आले. तिघांतला पुढारपण करणारा, त्याला इथे संस्थापक म्हणते, किलोभर पेढे घेऊन दुकानात गेला, वार्ताहर काकांच्या पाया पडला. बातमीचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. मी फोन करून म्हटलं, मथळा जरा जास्त झालाय. तो म्हणाला, "ताई, आपण थोडी म्हटलं? त्यांनी छापलं." मी गप्प बसले. मथळा आपल्या बाजूनं चुकला होता. विरुद्ध बाजूनं चुकला असता तर दुपारी बारापर्यंत मीच खुलासा टाइप करून पाठवला असता.

पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. बाजारातल्या एका कृषी केंद्रवाल्यानं बातमी मोठी करून फ्लेक्स छापला. चार फूट बाय सहा, वर त्याच्या दुकानाचं नाव, मध्ये लाल अक्षरात 'केंद्र सरकार मान्यताप्राप्त'. तो कंपनीचा अधिकृत एजंट नव्हता, पण सापळ्याची चौकशी करणारा माणूस दुकानात आला की बियाणं-खतही घेतो, एवढा त्याचा हिशेब. वृत्तपत्राचा कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. फ्लेक्स हंगामभर टिकतो.

इथे जिल्ह्याबद्दल थोडं सांगायला हवं. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी हा साधा शब्द नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीही, म्हणजे बोंडअळीला दाद देऊ नये म्हणून बनवलेलं वाणही, पोखरली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या वॉर्डांमधून बातम्या देणारे त्या वर्षीचे कितीतरी वार्ताहर आजही काम करताहेत. 'फवारणी निम्म्यावर' हे वाक्य या लोकांसमोर कोणी ठेवलं, तर ते विसरणार नाहीत. आम्हाला हे कळायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये महामार्गाच्या पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिथेही. त्यानं सहा एकरांसाठी तीन सापळे भाड्यानं घेतले होते. मोबाइलवर रोज मेसेज येत होता: आज ३, आज २, आज २. त्या भरवशावर त्यानं एक फवारणी सोडली होती.

त्याच संध्याकाळी एका यूट्यूब चॅनलवाल्यानं त्याच्या वावरातून व्हिडिओ केला. हातात फोडलेलं बोंड, मागे आमचा सापळा, आणि मग बाजारातला फ्लेक्स जवळून. शीर्षक: 'केंद्र सरकारच्या नावावर शेतकऱ्यांची लूट, कंपनी फरार'. फरार कोणी नव्हतं, गाळा उघडा होता, पण गाळ्यापर्यंत कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी दुसऱ्या एका दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीचा संस्थापकाला फोन आला. "भाऊ, बोंडअळीच्या तक्रारीवर तुमची बाजू पाहिजे." तो नागपुरात होता, गुंतवणूकदाराच्या ऑफिसबाहेर. म्हणाला, "आत्ता मीटिंगमध्ये आहे, उद्या बोलू." त्याच्या दृष्टीनं हे सभ्य उत्तर होतं. पण तालुक्याचं पान संध्याकाळी सहा-सातला लागतं. 'उद्या' म्हणजे उत्तर नाही. सकाळी जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानावर बातमी होती, आणि शेवटची ओळ: 'कंपनीच्या संचालकांशी संपर्क साधला असता त्यांनी बोलण्यास टाळाटाळ केली.'

ही ओळ मी डेस्कवर शेकड्यानं पाहिली आहे, पण ती कशी तयार होते हे पहिल्यांदा पलीकडून पाहिलं. त्या वेळी दोन वाक्यं पुरली असती: 'तक्रार आमच्याकडे आली आहे. सकाळी शेतात जाऊन नोंदी तपासतो आणि जे निघेल ते तुम्हाला फोन करून सांगतो.' यात कबुली नाही, नकार नाही, आणि ते अर्ध्या मिनिटात सांगून होतं. शेवटच्या ओळीच्या जागी हे आलं असतं.

त्या संध्याकाळी गाळ्यात बैठक झाली. हिशेब बघणारा म्हणाला, वकिलाची नोटीस पाठवू. कृषी केंद्रवालाही येऊन बसला होता, फ्लेक्समुळे त्याच्याही अंगाशी आलं होतं. तो म्हणाला, "एक अर्धा पान जाहिरात देऊन टाका ना भाऊ, विषय संपते." इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, गप्प बसू, आठ दिवसांत लोक विसरतात.

नोटिशीला मी विरोध केला, कारण बातमीतलं मुख्य खरं होतं: अळी निघाली होती आणि मेसेज चुकीचा होता. 'फरार' एवढंच खोटं होतं, तेही यूट्यूबवर. त्यासाठी रस्ता होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑनलाइन बातम्या देणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यायचा, अशी तरतूद आहे. आम्ही गाळ्याचा त्या दिवशीचा फोटो जोडून साधा मेल लिहिला. चॅनल म्हणजे एकच माणूस, अधिकारीही तोच. त्यानं शीर्षकातलं 'फरार' काढलं, व्हिडिओ ठेवला. तो ठेवायचा त्याला हक्क होताच. छापील दैनिकाबद्दल तक्रार असेल तर आधी संपादकाला लेखी कळवायचं आणि मग प्रेस कौन्सिलकडे जायचं, दोन महिन्यांच्या आत. पण तक्रार करण्यासारखं त्या बातमीत काही नव्हतं.

जाहिरातीचा सल्ला जास्त घातक होता, कारण तो आपल्याकडे सगळ्यांना व्यवहारी वाटतो. दिवाळीला जाहिरात द्या, खुशाल द्या. वार्ताहराचं घर त्यावर चालतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण विरोधातली बातमी आल्यावर दोन दिवसांत दिलेली जाहिरात वेगळी. ती घेणारा वार्ताहर पुढच्या वेळी आपली खरी बातमीही लिहायला बिचकतो, आणि न घेणारा ती गोष्ट बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीपासून पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द महाराष्ट्रात टपरीवरही कळतो.

आम्ही आधी शेतकऱ्याकडे गेलो. पेपरवाल्यांकडे नंतर.

अंगणात कपाशीची पहिली वेचणी पसरलेली. खाटेवर त्याची आई बसून कवडी निवडत होती, म्हणजे किडकं, पिवळं पडलेलं वेगळं करत होती. कवडीचा ढीग लहान नव्हता. त्यानं पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली, आणि मग म्हणाला, "मी मेसेजवर भरोसा ठेवला, हेच चुकलं काय माह्यं?"

कृषीवाल्या मुलानं लॅपटॉप उघडून नोंदी काढल्या. कॅमेरा ठीक, मोजणी ठीक, नेटवर्क ठीक. मग गोळी बदलल्याची तारीख आली. या गोळीचा वास साधारण तीन आठवडे टिकतो. या तीन सापळ्यांत ती बारा दिवस उशिरा बदलली गेली होती, कारण त्या भागात फिरणारा पोरगा काम सोडून गेला होता आणि नवा लागला नव्हता. वास संपला म्हणून पतंग येईनात, पतंग येईनात म्हणून आकडा कमी, आकडा कमी म्हणून फवारणी सोडली. यंत्र चोख मोजत होतं, पण त्या मोजण्याला काही अर्थ उरला नव्हता.

मुलानं हे शेतकऱ्याला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्याचं श्रेय. शेतकरी ऐकत होता. म्हणाला, "तुमच्या पोट्ट्याले गोळी बदलायले टाइम नव्हता, अन् मले आता फवारायले टाइम नाही."

भाडं परत केलं. नुकसानीचं काय, यावर तिथे ठरलं नाही, पुढेही समाधानकारक ठरलं नाही. त्याला ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं, तो गेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

परत येताना बोलेरोतच खुलासा लिहिला. पाच वाक्यं. संस्थापकाला 'तांत्रिक कारणास्तव' हवं होतं, मी ते काढलं. छापायला दिलेला मजकूर असा: 'संबंधित शेतातील तीन सापळ्यांतील गोळ्या आमच्याकडून बारा दिवस उशिरा बदलल्या गेल्या, त्यामुळे पतंगांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली. सापळ्यासोबत एकरी २० बोंडे फोडून पाहणे आवश्यक आहे. आमच्या कंपनीला असलेली मान्यता स्टार्टअप म्हणून आहे, यंत्राची ती तपासणी नव्हे. जुलैमधील बातमीत खर्च निम्म्यावर येतो असे प्रसिद्ध झाले होते; आमच्या नोंदी १४ शेतांतील एका हंगामाच्या आहेत आणि तसा दावा त्यांतून निघत नाही. इतर सर्व सापळ्यांच्या गोळ्यांच्या तारखा शेतकऱ्यांना मेसेजने कळवल्या आहेत.'

शेवटचं वाक्य खरं ठरावं म्हणून तिघं रात्री अकरापर्यंत फोन घेऊन बसले होते. आणखी चार ठिकाणी गोळी उशिरा बदललेली निघाली. सकाळी त्या चौघांकडे माणूस गेला.

ज्या दैनिकानं तक्रारीची बातमी दिली होती, त्यांनी खुलासा आतल्या पानावर सिंगल कॉलम लावला. पहिल्या पानावरची बातमी आणि आतल्या पानावरचा खुलासा, ही तक्रार जगभर चालते. मला तिच्यात रस नाही. जिथे जुलैची बातमी आली होती, त्या वार्ताहर काकांकडे मात्र आम्ही स्वतः गेलो. त्यांनी खुलासा वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे मी चूक छापली असं तुम्ही आता दुसऱ्याच्या पेपरात सांगून रायले."

मी म्हटलं, काका, चूक आमच्याकडूनही झाली.

"हेडिंग जास्त झालं होतं तर तेव्हाच सांगाले पाहिजे होतं ना ताई. मी दुसऱ्या दिवशी चौकट लावली असती. तुम्ही लोकं तर पेढे घेऊन आलते."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जुलैत एक फोन केला असता तर चार ओळींची दुरुस्ती लागली असती, फ्लेक्सवर 'मान्यताप्राप्त' चढलं नसतं, आणि ऑक्टोबरमध्ये 'आम्ही तेव्हाच सांगितलं होतं' असं म्हणता आलं असतं. उलट आमच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट व्हिडिओत होते. आम्ही ती बातमी वाटली होती, म्हणजे तिच्यावर सही केली होती.

पुढच्या हंगामात पद्धत बदलली, पण सगळी आमच्या शहाणपणानं नाही. बरंचसं काकांनी शिकवलं. प्रेसनोट एका पानाची झाली आणि तिचं दुसरंच वाक्य 'हा सापळा काय करत नाही' असं सुरू होतं. कापणारा तिथपर्यंत क्वचितच पोचतो. आकडा दिला की त्याच वाक्यात किती शेतं, किती एकर, कोणता हंगाम. वेगळ्या वाक्यात ठेवलं की सुटतं. फोन दोघांचे, रात्री आठपर्यंत उचलायचेच, गुंतवणूकदार समोर बसला असला तरी. 'रामबाण', 'क्रांती', 'देशात पहिलं' हे शब्द मीच हद्दपार केले. पत्रपरिषद बंद. ६ जानेवारीला पत्रकार दिनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायची टूम निघाली होती, तीही बंद; बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं ते श्रीफळासाठी नसावं. त्याऐवजी ऑगस्टमध्ये, कपाशी फुलावर असताना, तालुक्यातल्या सहा वार्ताहरांना वावरात नेलं. फोटोसाठी कोणी सापळ्याशेजारी उभं राहिलं नाही. डोमकळी कशी ओळखायची, पाकळ्या कशा चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात, आत अळी कशी बसते, हे कृषीवाल्यानं एकेक फूल उघडून दाखवलं. गोळीचा जुना आणि नवा वास माणसाला येत नाही हेही. एका वार्ताहरानं हुंगून पाहिलं, सगळे हसले.

दोन दिवसांनी काकांची बातमी आली, पान तीनवर, अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी. 'डोमकळी दिसली? आता बोंडं फोडा'. २० बोंडांचं गणित नीट, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक ठेवून पुन्हा कापूस, घेऊ नका हेही, कृषी सहायकाचं म्हणणं. कॅमेऱ्याच्या सापळ्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका वाक्यात. कंपनीचं नाव नाही.

संस्थापक रुसला. आपण जेवण दिलं, गाडी दिली, आणि नाव नाही? तो काकांना तसं बोललाही. काका म्हणाले, "नाव टाकलं असतं तर जाहिरात झाली असती बाबू. जाहिरातीचा रेट वेगळा हाय."

माझ्या मते या कंपनीबद्दल छापून आलेली ती सगळ्यात चांगली बातमी आहे. संस्थापकाला अजूनही तसं वाटत नाही. गाळ्याच्या भिंतीवर त्यानं कात्रण लावलं, पण काकांचं नाही. जुलैचंच आहे, फ्रेममध्ये. मी दोनदा सांगून पाहिलं.

महामार्गापलीकडच्या त्या शेतकऱ्यानं आमचा सापळा पुन्हा घेतला नाही. त्यानं कृषी केंद्रातून साधे प्लास्टिकचे सापळे आणले, बांबूला बांधले, गोळी बदलायची तारीख बांबूवर मार्करनं लिहिली. सकाळी स्वतः मोजतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा टाकतो. त्या ग्रुपमध्ये काकाही आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा ९ चा आकडा आला, त्याच्या पाठोपाठ दोन ओळी: 'बोंडं फोडली. २० मध्ये १. सध्या थांबून पाहतो.'